अंकुर ते लंकादहन : दादासाहेब फाळके आणि लाकडी कॅमेऱ्याची किमया

शॉमबर्ग (इलिनॉय) : काचेच्या कार्यालयीन इमारती, रुंद रस्ते आणि भव्य बाजारसंकुल यांसाठी आज ओळखले जाणारे हे उपनगर १९१२ साली जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांची एक शांत वस्ती होते. गाव म्हणून त्याची रीतसर स्थापना होण्यास त्यानंतर आणखी ४४ वर्षे जावी लागली. येथून सुमारे ४५ किलोमीटरवर असलेल्या शिकागोत मात्र त्या काळी चलच्चित्रांचा व्यवसाय भरास आला होता. सेलिग आणि एसनाय या कंपन्या रिळांमागून रिळे तयार करीत होत्या. १९०७ मध्ये याच शहरात स्थापन झालेली बेल अँड हॉवेल ही कंपनी पूर्णतः धातूचा, कमालीच्या अचूकतेचा कॅमेरा घडवीत होती.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात मुंबईत, दादरच्या एका घरात, लंडनहून आलेले एक खोके उघडले गेले. त्यात हाताने फिरवावयाचा विल्यमसन बनावटीचा लाकडी कॅमेरा होता. खोके उघडणारे गृहस्थ ४२ वर्षांचे होते. त्यांच्या विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या होत्या, स्थिर उत्पन्नाचा छपाईचा धंदा सुटला होता आणि डोळ्यांवर आलेले मोठे संकट नुकतेच टळले होते. धुंडिराज गोविंद फाळके हे त्यांचे नाव. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेबांचे नाव सर्वतोमुखी आहे. परंतु जनक या गौरवापलीकडे एक अस्वस्थ प्रयोगशील कारागीर उभा आहे, आणि त्याची ओळख तुलनेने कमी आहे.

शास्त्रीबुवांचा मुलगा

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांची नेमणूक झाली आणि कुटुंब मुंबईस आले. मुलाने पोथ्यांऐवजी कुंचला हाती घेतला. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे थोरल्या बंधूंबरोबर ते बडोद्यास गेले आणि तेथील कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुकला अशा अनेक विद्या त्यांनी आत्मसात केल्या.

बडोद्यातच, १८९० च्या सुमारास, त्यांच्या हाती पहिला स्थिरचित्रणाचा कॅमेरा आला. त्या काळी छायाचित्रण हे केवळ कळ दाबण्याचे काम नव्हते. काचेवरील वा फिल्मवरील प्रतिमा काळोखात धुणे, रसायनांचे प्रमाण राखणे, कागदावर छाप घेणे हे सर्व छायाचित्रकारालाच करावे लागे. फाळके यांना प्रतिमेइतकेच प्रतिमेच्या जन्माचे आकर्षण होते. कलाभवनाचे प्रमुख प्राध्यापक गज्जर यांनी त्यांचा हा ओढा ओळखला आणि ठसे तयार करण्याचे व तिरंगी छपाईचे तंत्र शिकण्यासाठी त्यांना रतलामला पाठविले.

त्यानंतर गोध्र्यास त्यांनी छायाचित्रकार म्हणून बस्तान बसविले. प्लेगच्या साथीने मात्र त्यांचे घर उद्ध्वस्त केले. पहिली पत्नी आणि मूल दगावले. बडोद्यास परतून त्यांनी पुन्हा धंदा उभारण्याचा प्रयत्न केला, तेव्हा एक वेगळीच अडचण पुढे आली. कॅमेऱ्यासमोर बसल्यास शरीरातील शक्ती शोषली जाते आणि आयुष्य घटते, अशी समजूत लोकांत पसरली होती. ज्या यंत्राच्या बळावर ते पुढे लाखो लोकांना मंत्रमुग्ध करणार होते, त्याच यंत्राच्या भयाने त्यांची गिऱ्हाइके पळाली.

जादूगार केल्फा

याच सुमारास त्यांचा कार्ल हर्ट्झ या जादूगाराशी संबंध आला. हर्ट्झ मूळचा सॅन फ्रान्सिस्कोचा. चलच्चित्रांचे प्रक्षेपण यंत्र घेऊन १८९६ मध्येच तो ऑस्ट्रेलियापर्यंत खेळ करीत गेला होता. जादू आणि चलच्चित्र यांचे नाते त्या काळी फार निकटचे होते. पॅरिसमध्ये जॉर्ज मेलिएस हाही आधी रंगमंचावरचा जादूगार होता आणि मग पडद्यावरचा. फाळके हातचलाखी शिकले आणि स्वतःचे आडनाव उलटे करून प्रोफेसर केल्फा या नावाने जादूचे प्रयोग करू लागले.

वरवर पाहता हा एक विक्षिप्त टप्पा वाटतो. प्रत्यक्षात त्यांच्या पुढील कार्याची तालीम येथेच झाली. प्रेक्षकाची नजर केव्हा कोठे खिळेल, ती किती क्षण हलविता येईल आणि तेवढ्या अवकाशात काय बदलता येईल, हे जादूगाराला अचूक ठाऊक असावे लागते. कॅमेऱ्याने केलेली जादूही याच हिशेबावर चालते.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे नाव सरस्वतीबाई. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून त्यांना सरकारी नोकरी मिळाली, परंतु तीत ते रमले नाहीत. १९०६ च्या सुमारास ती सोडून त्यांनी लोणावळ्यास छपाईचा व ठसे तयार करण्याचा कारखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या शिळाछापासाठीही त्यांनी काम केले. हाच कारखाना पुढे दादरला लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नावाने नावारूपास आला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीस जाऊन आले. नाव झाले, पैसा दिसू लागला आणि तेवढ्यात भागीदारांशी मतभेद होऊन ते बाहेर पडले. चाळिशी उलटलेल्या या गृहस्थापुढे संसार होता, मुले होती आणि उत्पन्नाचे साधन नव्हते.

दृष्टीची किंमत

अशा निराशेच्या काळात गिरगावातील एका तंबूवजा चित्रपटगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावरील ख्रिस्ताच्या जागी त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले, ही हकिकत प्रसिद्ध आहे. तिच्यानंतरचे वर्ष मात्र अधिक बोलके आहे.

फाळके यांनी स्वस्तातील उपकरणे, फिल्मचे तुकडे आणि चलच्चित्रविषयक पुस्तके जमविली. दिवसाचे कित्येक तास ते मिळेल तो चित्रपट पाहत आणि उरलेला वेळ प्रयोगांत घालवीत. रात्री मेणबत्ती आणि भिंग यांच्या साहाय्याने भिंतीवर चित्रे पाडीत. झोप उडाली आणि ताणाने डोळे कोलमडले. काही काळ त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. नेत्रतज्ज्ञ डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि अनेक चष्म्यांच्या मदतीने ती परतली. ज्याला आयुष्यभर दृश्य घडवावयाचे होते त्याने आरंभालाच डोळे पणाला लावले होते.

भारतात तोपर्यंत चलच्चित्रण झालेच नव्हते, असे नाही. ल्युमिएर बंधूंची चित्रे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखविली गेली होती. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये कुस्तीचे चित्रण केले होते. दादासाहेब तोरणे यांचा पुंडलिक १९१२ च्या मे महिन्यात झळकला. परंतु तो रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होता आणि त्याची फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. फाळके यांना सर्व विद्या स्वतःच्या घरात हवी होती.

विम्याच्या पॉलिसींवर कर्ज काढून १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. बायोस्कोप या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांना ते ओळखपाळख नसताना जाऊन भेटले. कॅबोर्न यांनी त्यांना निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील चित्रशाळेत नेले. हेपवर्थ यांनी हातचे काही राखले नाही आणि युक्तीच्या चित्रणासह सर्व विभाग त्यांना दाखविले. सुमारे ५० पौंडांस विल्यमसन कॅमेरा, भोके पाडण्याचे यंत्र आणि कच्ची कोडॅक फिल्म यांची मागणी नोंदवून फाळके १ एप्रिल रोजी मायदेशी परतले.

महिनाभराची तपश्चर्या

कॅमेरा हाती आला, पण भांडवल नव्हते. पौराणिक कथेवर चित्रपट काढण्यासाठी पैसा देण्यास कोणी धजावेना. तेव्हा फाळके यांनी एका कुंडीत मटाराचे दाणे पेरले आणि त्यांच्यासमोर कॅमेरा रोवला.

या प्रयोगाचे गणित समजण्यासारखे आहे. मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रे घेतली जात. कॅमेऱ्याचा दांडा सेकंदातून दोनदा फिरवावयाचा आणि दर फेऱ्याला ८ चित्रे सरकवावयाची, असा प्रघात होता. म्हणजे पडद्यावरील एका मिनिटासाठी सुमारे ९६० चित्रे लागत. हीच चित्रे मिनिटभरात न घेता कित्येक दिवसांत, ठरावीक अंतराने थोडी थोडी घेतली आणि मग नेहमीच्या वेगाने दाखविली, तर दिवसांचा काळ क्षणांत आकसतो. अट एवढीच की, तेवढे दिवस कॅमेरा तसूभरही हलता कामा नये आणि प्रकाश शक्य तितका सारखा राहिला पाहिजे.

महिन्याहून अधिक काळ ही तपश्चर्या चालली. तिच्यातून तयार झालेल्या अंकुराची वाढ या छोट्या चित्रपटात दाणा माती फोडून वर आला, डोलत डोलत वाढला आणि त्याची वेल झाली. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ याने फुले उमलण्याचे असेच चित्रण १९१० मध्ये केले होते. दादरच्या घरात हे साधणे हा मात्र वेगळाच पराक्रम होता. निवडक मंडळींना हा चित्रपट दाखविला गेला आणि पैसा पुरविण्यास माणसे पुढे आली. भांडवल मिळविण्यासाठी आपली कल्पना आधी चालवून दाखवावी लागते, हा आजच्या तंत्रव्यवसायातील नियम फाळके यांनी मटाराच्या दाण्यांनी पाळला होता. कर्जाने उरलेली उणीव सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी भरून काढली.

काळोखातील भोके

सरस्वतीबाईंचा वाटा केवळ दागिन्यांपुरता नव्हता. परदेशातून येणारी कच्ची फिल्म कोरी असे. तिच्या दोन्ही कडांना भोके घरीच पाडावी लागत आणि प्रकाशाचा किरण लागताच फिल्म वाया जात असल्याने हे काम काळोखात करावे लागे. ते सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म धुणे, रसायने मिसळणे, चित्रणाच्या वेळी प्रकाश परतविण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभे राहणे, आणि हे सर्व करून घरी राहणाऱ्या पन्नास-साठ माणसांचा स्वयंपाक, हा त्यांचा दिनक्रम होता.

या भोकांचे महत्त्व फाळके यांच्या चमत्कारांशी थेट जोडलेले आहे. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करावयाचे, तर पहिले चित्रण झाल्यावर ती काळोखात उलट गुंडाळून पुन्हा नेमक्या त्याच जागी आणावी लागते. कॅमेऱ्यातील दाते फिल्मला भोकांतच पकडतात. भोकांमधील अंतर केसभर चुकले, तर दुसरी प्रतिमा पहिलीवर थरथरते आणि जादू उघडी पडते. दांड्याचे फेरे मोजण्यात चूक झाली, तर अंतर्धान पावणारा देव भलत्याच क्षणी नाहीसा होतो. पडद्यावर स्थिर उभ्या राहणाऱ्या दैवी आकृतीमागे काळोखात यंत्रावर बसलेली एक गृहिणी होती.

राजा हरिश्चंद्रचे चित्रण दादरला आणि मुंबईबाहेर वांगणी येथे झाले. हरिश्चंद्राची भूमिका दत्तात्रय दाबके यांनी केली. तारामतीसाठी स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांची निवड झाली. रोहिदास झाला फाळके यांचाच मुलगा भालचंद्र. कॅमेरा त्र्यंबक तेलंग यांनी चालविला. सुमारे ३७०० फूट लांबीचा, चार रिळांचा हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला.

युक्तीचे व्याकरण

त्याच वर्षी फाळके यांनी आपले बिऱ्हाड नाशिकला हलविले. मोहिनी भस्मासुर, सत्यवान सावित्री असे चित्रपट एकापाठोपाठ एक निघाले. मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमला यांनी काम केले आणि पडद्यावर स्त्री अवतरली. १९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांच्या तांत्रिक कौशल्याची प्रशंसा झाली, काम करण्याचे निमंत्रणही मिळाले. ते त्यांनी नाकारले. आपला धंदा आपल्याच देशात उभा राहावा, हा त्यांचा आग्रह स्वदेशीच्या विचारातून आलेला होता. पहिल्या महायुद्धाने मात्र भांडवल आटले आणि कच्च्या फिल्मची टंचाई झाली. तेव्हाही त्यांनी हात आखडला नाही. आगकाड्यांची मौज या लघुपटात निर्जीव काड्या पडद्यावर हालचाल करू लागल्या. एक चित्र घ्यायचे, काड्या किंचित सरकवायच्या आणि पुन्हा एक चित्र घ्यायचे, असा हा खेळ होता.

१९१७ च्या लंकादहनमध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. आकाशातून उड्डाण करणारा हनुमान आणि पेटलेली लंका पाहण्यास गर्दी लोटली. १९१८ च्या श्रीकृष्णजन्ममध्ये कंसाला आपले मस्तक धडापासून सुटून वर तरंगताना दिसते आणि पुन्हा जागेवर येते. एका कृष्णाचे अनेक कृष्ण होऊन त्याला घेरतात. काळा पडदा, भिंगाचा काही भाग झाकणे आणि दुहेरी चित्रण यांच्या मेळातून असे दृश्य साधते. हे तंत्र कंसाच्या मनातील भीतीला रूप देण्यासाठी वापरले गेले होते, हे महत्त्वाचे. युक्ती कथेच्या सेवेला लागली होती.

१९१९ च्या कालियामर्दनमध्ये फाळके यांची लहानगी कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. चित्रपटाच्या आरंभी ती मुलगी म्हणूनच समोर येते, चेहऱ्यावरील निरनिराळे भाव दाखविते आणि मग तिच्या जागी कृष्ण उमटतो. एकेकाळी ज्यांची गिऱ्हाइके कॅमेऱ्याला घाबरून पळाली होती, त्या फाळके यांनी येथे प्रेक्षकाला पडद्यामागचे गुपितही सांगून टाकले आणि तरीही त्याला भारून टाकले. चित्रपट कसा तयार होतो, हे दाखविणारा लघुपटही त्यांनी काढला होता. प्रोफेसर केल्फा गुपित राखत असे. दादासाहेबांना मात्र ते वाटून टाकण्यात आनंद होता.

उतार

१९१८ मध्ये भांडवलदारांच्या साह्याने नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली. पैशाची विवंचना मिटली आणि स्वातंत्र्याची सुरू झाली. प्रयोगाला लागणारा वेळ आणि खर्च भागीदारांच्या हिशेबात बसेना. मनस्ताप होऊन फाळके बाहेर पडले आणि काशीस जाऊन राहिले. तेथे त्यांनी रंगभूमी हे नाटक लिहिले. काही वर्षांनी ते कंपनीत परतले, परंतु पूर्वीचे दिवस परतले नाहीत.

१४ मार्च १९३१ रोजी आलमआरा प्रदर्शित झाला आणि चित्रपट बोलू लागला. फाळके यांचा सेतुबंधन मूकपट म्हणून तयार झाला होता. त्याला नंतर ध्वनी जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी गंगावतरण दिग्दर्शित केला. तो त्यांचा पहिला आणि अखेरचा बोलपट. चमत्कारदृश्यांवरील त्यांची पकड त्यातही दिसली, तरी काळ पुढे गेला होता. संवाद आणि गाण्यांच्या नव्या युगात हातातील दांड्याच्या फेऱ्यांचा हिशेब कोणाला नको होता.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. अखेरची वर्षे विपन्नावस्थेत आणि विस्मृतीत गेली. १९६९ पासून त्यांच्या नावाने दिला जाणारा पुरस्कार हा भारतीय चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च सन्मान आहे. त्या झगमगाटात त्या अखेरच्या वर्षांचा सहज विसर पडतो.

जे उरले

सुमारे दोन दशकांच्या कारकिर्दीत फाळके यांनी ९० हून अधिक चित्रपट आणि अनेक लघुपट काढले. त्यांपैकी आज हाताशी आहेत ते मोजके तुकडे. त्या काळची फिल्म ज्वालाग्राही होती आणि सांभाळली नाही तर आपोआप विरून जाई. राजा हरिश्चंद्र, लंकादहन, श्रीकृष्णजन्म आणि कालियामर्दन यांचे जे भाग वाचले, ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या प्रयत्नांमुळे. मटाराच्या वेलीचे ते चित्रण मात्र काळाच्या पोटात गेले. ज्या मिनिटांनी एका उद्योगाला भांडवल मिळवून दिले, ती मिनिटे आता केवळ वर्णनातच आहेत.

आज खिशातील फोन एका स्पर्शाने कळीचे फूल करून दाखवितो आणि एका माणसाच्या दहा आकृत्या उभ्या करतो. त्यामुळे फाळके यांच्या युक्त्या बाळबोध वाटण्याचा संभव आहे. परंतु यंत्र वापरणे आणि यंत्र समजून घेणे यांतील अंतर तेव्हा होते तेवढेच आजही आहे. परक्या देशात जाऊन विद्या घेणे, ती घेताना संकोच न बाळगणे आणि चाळिशीनंतर नव्या वाटेचा पहिला धडा गिरविणे, हे घर सोडून दूर आलेल्या मराठी माणसाला अपरिचित नाही. फाळके यांनी ते केले तेव्हा त्यांच्या पाठीशी ना पदवी होती ना पगार. होती ती एक लाकडी पेटी, अंधारात भोके पाडणारी पत्नी आणि मातीतून अंकुर वर येईपर्यंत वाट पाहण्याचे धैर्य.